उळवीचा कान

माझी नणंद उळवी वारल्याचा निरोप आला तेव्हा मी राळे कांडत होते, आणि मी मुसळ खाली ठेवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून रडण्याची वाट बघत बसायला नको. जिवंतपणी तिने मला जेवढं छळलं तेवढं गोमाशा गुरांना छळत नाहीत. मेल्यावर तरी ती गप्प बसेल असं वाटलं होतं. तशी ती बसली नाही, पण ते शेवटी येईलच.

आमच्या डोंगराच्या पाठीवर काळ्या दगडाची एक शीर आहे. बाकी सगळा डोंगर तांबूस, भरड, कशाच्याच कामाचा नाही. त्या काळ्या शिरेवर आमची घरं जगतात. पुरुष दगड फोडतात, कपच्या काढून त्याला कुऱ्हाडीचा आकार देतात. सुगी संपली की नदीकडची माणसं गुरं, मीठ, सुकी मासळी घेऊन वर येतात आणि कच्च्या कुऱ्हाडी घेऊन जातात. पुढे घासून गुळगुळीत करायचं, धार काढायची, ते त्यांचं त्यांनी बघायचं. त्याला वाळू लागते, पाणी लागतं आणि दिवसभर बसून राहणाऱ्या बायका लागतात. या तिन्हींची नदीकाठी ददात नाही.

अडचण एकच. दगडाच्या पोटात तडा असला तर तो डोळ्याला दिसत नाही. चांगली दिसणारी कुऱ्हाड घासून घासून हात सोलवटून घ्यावेत आणि पहिल्याच झाडावर तिचे दोन तुकडे व्हावेत, असं होतं. म्हणून दगड घेण्याआधी ऐकायचा. ज्याने घडवली त्याने कुऱ्हाड तागाच्या दोरीला टांगून धरायची आणि नदीकडच्यांच्या कानकऱ्याने तिच्यावर गोटा हळूच मारायचा. निर्दोष दगड घुमतो, त्याचा आवाज जरा वेळ रेंगाळतो. तडा असलेला ओल्या लाकडासारखा थप्प करतो आणि संपतो. मग कानकरी म्हणतो ‘बोलतो’, नाहीतर म्हणतो ‘मुका’. तिसरा शब्द नाही आणि त्यावर वाद नाही. मात्र ‘बोलतो’ म्हणून घेतलेली कुऱ्हाड पुढे आपसूक फुटली, तर कानकऱ्याच्या दावणीची गाय त्या कुऱ्हाडीच्या धन्याकडे जाते.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा उळवी अजून लग्नाची होती. माझा सासरा दिवसभर दगड फोडी आणि ही त्याच्या मांडीला मांडी लावून बसे. झोपडीत असली तरी बाहेरचा ठोका ऐकायची आणि सांगायची की दगड कुठे कच्चा आहे. सासरा सगळ्या डोंगराला सांगत फिरे, “हिचा कान आन् एरग्याचा हात एका धडाला असता, तर म्या राजासारखा निजून ऱ्हायलो असतो.” एरगा म्हणजे माझा नवरा. माझ्या हाताचा नि कानाचा विषय कोणी काढला नाही. मला कपच्या झाडायला आणलं होतं.

त्या कपच्या मेल्या काट्यापेक्षा वाईट. पहिल्या दिवशी माझ्या टाचेत एक शिरली, मी खाली बसले, आणि ही पोरगी बापाशेजारून म्हणाली, “वैनी, तुज्या माहेरी पायाला डोळं असत्यात व्हय? हितं खाली बगून चालायचं.” तेव्हापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच. तिचं लग्न नदीकडे ठरलं तेव्हा मी इतकी नाचले, की बायका म्हणाल्या, किती जीव आहे बाई हिचा नणंदेवर.

माझा आनंद काही सुग्यांपुरताच होता. नदीकडचा म्हातारा कानकरी मेला आणि त्यांनी त्याच्या जागी उळवीला बसवलं. आमच्याच अंगणात वाढलेला कान आमच्यावरच रोखला. शेणाच्या होमाची राख पसरलेल्या ज्या खळ्यावर हा सौदा होतो, तिथे ती पहिल्यांदा त्यांच्या बाजूने येऊन बसली तेव्हा एरग्याला वाटलं, घरची लेक आली, आता काळजी नाही. त्याने मोठ्या हौसेने कुऱ्हाड टांगून धरली. उळवीने गोटा मारला आणि माहेरचा उंबरा अजून ओलांडला नव्हता तोच म्हणाली, “मुका.”

त्या दिवशी जेवताना मी तिच्यापुढे हुलग्याचं कढण आदळलं आणि म्हणाले, “वन्सं, भावाच्या घरचं खाताना तरी घशाखाली उतरतंय न्हवं?”

“उतरतंय की,” ती म्हणाली. “कढण पातळ केलंयस. पाण्याला उतरायला काय लागतंय?”

“नाचता येईना तिला अंगण वाकडं. दगड चांगला हुता माझ्या दादल्याचा.”

“दगड मुका हुता आन् तुला ठावं हाय. दादाला इचार, त्यालाबी ठावं हाय.”

एरगा ताटाकडे बघत बसला. बायको आणि बहीण भांडायला लागल्या की त्याला नेहमीच भूक लागायची.

असं वर्षानुवर्षं चाललं. दर सुगीनंतर ती येई, खळ्याच्या मधोमध बसे, आणि मी बायकांच्या पहिल्या रांगेत, बरोबर तिच्यासमोर बसे. मला तिला बघायचं नव्हतं. पण ती माझ्या नवऱ्याच्या दगडाला काय म्हणते ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. कधी म्हणे ‘बोलतो’, कधी म्हणे ‘मुका’, आणि दरवेळी खरं म्हणे. खरं बोलणाऱ्या माणसाचा जितका राग येतो तितका खोटारड्याचाही येत नाही.

मध्ये तिचा नवरा मेला. मूलबाळ नव्हतं. सासरी तिला दोन घास मिळत ते त्या कानामुळेच. दीर-पुतण्यांनी तिला कधीच माहेरी पाठवून दिली असती, पण नदीकडचा थोरला ओब्बा तिच्याशिवाय डोंगर चढत नसे. मला हे सगळं माहीत होतं. म्हणून काही माझ्या जिभेला दया आली नाही. ती पाणी भरायला वाकली की मी पाठीमागून म्हणायची, “आली मेली. नवऱ्याला गिळलं, आता भावाला गिळायला आली.” ती मागे न वळता म्हणायची, “तुला गिळणार हुते वैनी, पर कडू लागशील.” आमचा रामराम असाच व्हायचा.

मग गुरांवर लाळ्या रोग आला तो उन्हाळा उजाडला. खालच्या गोठणावर दिवसाआड एक जनावर पडायचं. आमची दावण रिकामी झाली. गुरंच नाहीत तर शेण कुठलं, आणि शेणाचा होम पेटतो त्या सणाला बिनशेणाच्या घराला कोणी पुढे उभं करत नाही. तेही मी सोसलं असतं. पण सून नुकतीच बाळंत झालेली, तिच्या अंगावर दूध नाही. नातवासाठी मी रोज सकाळी वाडगं घेऊन शेजारच्या तुंबीच्या दारात उभी राहायची. तुंबीच्या दोन गाई वाचल्या होत्या. ती दूध अशी ओतायची की वाडग्यापेक्षा तिच्या हाताकडेच लोकांचं लक्ष जावं. वर म्हणायची, “घे गं नेल्ले, लाजू नगं. कुणावर कवा काय येळ येईल सांगता येत न्हाई.” ते दूध घेऊन परत येताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तेवढ्यात नदीकडून निरोप आला. ओब्बाच्या थोरल्या मुलाला नवं रान तोडायचं होतं, त्याला मोठी कुऱ्हाड हवी होती. जो देईल त्याला गाभण गाय. एवढी मोठी कुऱ्हाड घडवणारे हात डोंगरावर दोघांचेच होते, तुंबीच्या नवऱ्याचे आणि माझ्या नवऱ्याचे. एरगा शिरेच्या खोल खड्ड्यात उतरून दगड काढत राहिला. घरी दगड घडत गेला तशी मीही त्याच्याकडे गायीच्याच नजरेने बघू लागले. काय देखणी कुऱ्हाड झाली होती ती. खांद्यापासून हाताच्या बोटांपर्यंत लांब आणि मधोमध पोट भरलेलं.

ती पुरी झाली त्या दिवशी एरग्याने दोरी बांधली, गोटा मारला आणि मला विचारलं, “बोलतो न्हवं गं?”

मी ऐकलं. थप्प. अगदी थोडासा, पण थप्पच. दुसरी घडवायला वेळ उरला नव्हता, नदीकडचे लोक निघाल्याची खबर आली होती. आणि एरग्याचं तोंड असं झालं होतं, की त्याला आवाज ऐकायचा नव्हता, माझं उत्तर ऐकायचं होतं. आपला तो बाब्या.

“बोलतो की,” मी म्हणाले.

नदीकडचे लोक आले. उळवी नेहमीप्रमाणे आमच्या घरी उतरली, नेहमीप्रमाणे रांजणापाशी वाकली, आणि मी नेहमीप्रमाणे म्हणाले, “आली मेली. नवऱ्याला गिळलं, आता भावाला गिळायला आली.”

ती काही बोलली नाही. पाणी भरत राहिली.

मी तेच पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. तरी नाही. आता हिला माझी शिवीही उत्तर देण्याइतकी वाटत नाही की काय, म्हणून मी चिडले. हाताशी मडकं होतं ते तिच्या पाठीमागे दगडावर आपटलं. चांगलं मडकं होतं माझं. ठिकऱ्या तिच्या पायांपर्यंत गेल्या. तिने पायाला काही लागलं म्हणून खाली बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “वैनी, पडलं व्हय हातातनं?”

मी मान हलवली. उळवी ठार बहिरी झाली होती, आणि हे डोंगरावर मला एकटीला समजलं होतं.

रात्रभर मी हे कोणाला सांगितलं नाही. एरग्यालाही नाही. सांगितलं असतं तर त्याच्या तोंडावर दिसलं असतं. मी मनात म्हटलं, कानकरीण बहिरी, कुऱ्हाड देखणी, ओब्बाला गरज. डोळ्यांनी बघून ती ‘बोलतो’ म्हणेल आणि माझ्या नातवाच्या तोंडात आमच्या गायीचं दूध पडेल. कुऱ्हाड उद्या फुटली तर फुटली. दंड तिच्या सासरची दावण भरेल.

सकाळी एरगा मला म्हणाला, “नेल्ले, आज तरी उळवीकडं बगून जरा गोड हास. दरसाली तिच्याम्होरं काळं त्वांड करून बसतीस. तिलाबी वाटत आसंल काईतरी.”

“हासते की,” मी म्हणाले. त्या दिवशी हसायला मला कष्ट पडणार नव्हते.

खळं भरलं. ओब्बा गायीची दोरी धरून उभा होता. काळी गाय, कपाळावर पांढरा ठिपका, पोट डेऱ्याएवढं. उळवी मधोमध बसली, मी तिच्यासमोर. आधी किरकोळ कुऱ्हाडी झाल्या. बोलतो, बोलतो, मुका, बोलतो. मी ऐकत होते आणि चक्रावत होते, कारण एकही चुकत नव्हती. ठार बहिरी बाई, आणि एकही चुकत नव्हती. नशीब म्हणायचं का काय म्हणायचं ते मला समजेना.

मग एरगा उठला. त्याने मोठी कुऱ्हाड टांगून धरली आणि सगळ्या खळ्यातून ‘वा’ निघालं. उळवीने गोटा मारला. थप्प झालं. मी तिच्याकडे बघून हसले. जितकं गोड हसता येईल तितकं हसले.

उळवी माझ्याकडे बघत राहिली. गोटा तिच्या हातात तसाच होता. तिने पुन्हा मारलाही नाही.

“मुका,” ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे काळी गाय होती, तुंबीचा हात होता, वाडगं होतं. मी उभी राहिले आणि किंचाळले, “ती बहिरी हाय. तिला कायबी ऐकू येत न्हाई. काल तिच्या मागं मडकं फोडलं म्या, वळली न्हाई. बहिऱ्या बाईच्या त्वांडावर इश्वास ठिवून तुम्ही आमाला नागवताय.”

खळ्यातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. फक्त उळवी निकाल देऊन वळली होती ती एरग्याच्या कुऱ्हाडीकडेच बघत होती. मी काय बोलले ते तिला कळायला वेळ लागला, कारण मी उभी राहिले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. ओब्बा तिच्या पाठीमागे गेला आणि त्याने दोन दगड एकमेकांवर जोरात आपटले. समोरची पोरं दचकली. उळवी दचकली नाही. मग लोकांची तोंडं बघून तिला समजलं. तिचं तोंड राखेसारखं झालं. हा क्षण बघायची माझी कितीतरी वर्षांची हौस होती, आणि ती फिटली.

ओब्बाने एरग्याच्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि कातळावर आडवी मारली. तिचे दोन तुकडे झाले. तुकड्याच्या पोटात तांबड्या मातीची रेघ होती, कोवळ्या वेलीसारखी वर चढलेली. ती त्याने सगळ्यांना फिरवून दाखवली.

“एरग्याची बायकू म्हणती माजा कान बहिरा हाय,” तो म्हणाला. “आसंल. मंग ह्यो दगड कुणी वळखला? तुमी समदे कानाचे हिथं बसलाय, तुमच्यातलं कुणी बोललं न्हाई. हिनं घेतलेली कुऱ्हाड आजवर फुटली न्हाई. कानानं ऐकू दे न्हाईतर गुडघ्यानं ऐकू दे, मला काय त्याचं.”

लोक हसले. तुंबी सर्वांत जास्त हसली. मग तुंबीच्या नवऱ्याने आपली कुऱ्हाड टांगली. ती घुमली. मी ओठ आवळून मान खाली घातली, आणि उळवी म्हणाली, “बोलतो.” काळी गाय तुंबीच्या दारात गेली.

संध्याकाळी मी कातळावरच्या डोहातून पाणी भरत होते. उळवी एकटी माझ्यापाशी आली. बहिरी माणसं बोलतात तशी ती मोठ्याने बोलायला लागली आणि मी घाबरून इकडे-तिकडे बघू लागले, कारण वरच्या अंगाला बायका होत्या.

“वैनी, तुला ठावं न्हवतं व्हय? मला वाटलं ठावं आसंल.”

मी हातानेच विचारलं, काय?

“माजा कान जाऊन लई सुग्या झाल्या. एक गेला तवाच समजलं, दुसरा ऱ्हायचा न्हाई. तवापासनं म्या तुज्या तोंडाकडं बगून सांगती. परक्याचा दगड मुका निघाला की तुजे ओठ सैल पडत्यात. बोलला की आवळत्यात. दादाचा मुका निघाला की तुज्या नाकपुड्या फुगत्यात, आन् बोलला की तू माज्याकडं बगतच न्हाईस, शेजारच्या बायकांकडं बगतीस. कवा चुकलं न्हाई. मागं उभी ऱ्हाऊन शिव्या घालतीस त्याबी पैल्यांदा ऐकू यायच्या, मंग म्या अंदाजानं उत्तर देत हुते. काल अंदाज चुकला.”

मी घागर खाली ठेवली.

“आन् आज तू माज्याकडं बगून हासलीस,” ती म्हणाली. “इतक्या सालांत तू माज्याकडं बगून कदी हासली न्हवतीस. तवाच म्हटलं, दगड मुका.”

मी तिला हळू बोल म्हणून हात जोडले. तिला ते फार आवडलं असावं. ती आणखी मोठ्याने म्हणाली, “कान तुला हाय, वैनी. माज्यापरास बारीक हाय. बाबानं तुला कदी इचारलं न्हाई, तू कपच्या झाडत ऱ्हायलीस. जा, सांग आता समद्यांना, म्या कशी ऐकती ते. दादालाबी सांग. त्याचे दगड कुणी बुडिवले ते त्यालाबी कळू दे.”

आणि तिथेच तिने मला पेचात धरलं. सांगायचं तर मला एरग्याला सांगावं लागणार होतं, की तुझ्या प्रत्येक पडलेल्या दगडाची चुगली तुझ्या बायकोच्या नाकपुड्यांनी केली. आपलेच दात, आपलेच ओठ. मी घागर उचलली आणि घरी आले. त्या दिवशी डोंगरावर मुका झालेला दगड एकटाच नव्हता.

पुढच्या सुगीला मी शहाणपणा करायला गेले. तोंडावर पदर ओढून बसले. उळवीने मग एकामागून एक सगळे दगड ‘मुका’ ठरवायला सुरुवात केली, चांगले घुमणारेसुद्धा. लोक ओरडायला लागले, ओब्बा गुरं वळवून परत निघायला लागला. मी पदर काढला. काढला म्हणजे काय, उपटला. एरग्याची कुऱ्हाड टांगली होती, ती घुमली, आणि मी तुंबीकडे बघितलं. “बोलतो,” उळवी म्हणाली. आम्हाला एक कालवड मिळाली. तिची पुढे गाय झाली. मी उळवीचे उपकार मानले नाहीत. तिनेही मानले नाहीत. ती रांजणापाशी वाकली की मी पाठीमागून शिवी द्यायची, आणि ती अंदाजाने काहीतरी उलट म्हणायची. कधी बरोबर यायचं, कधी भलतंच यायचं.

मग ती मेली आणि मी राळे कांडत राहिले.

सुगीनंतर ओब्बा आला. आता म्हातारा झाला होता, काठी टेकत चढला. बरोबर नवा कानकरी नव्हता. तो सरळ आमच्या अंगणात आला आणि एरग्याला म्हणाला, “मरताना तुजी बहीण म्हणाली, माजा कान वैनीच्या घरात हाय, तेवढा आणा. आमाला वाटलं म्हातारी बरळती. मंग म्हणाली, नेल्लीला माज्या जागी बसवा, न्हाईतर डोंगरावर पाय ठिवू नगा.”

एरगा खुलला. त्याला त्यात आधी मान दिसला, मग दुसरंही काही दिसलं. खळ्यावर जाता जाता तो माझ्या कानाशी म्हणाला, “आता घरचाच कान झाला म्हण की.” मी त्याला म्हणाले, कानकऱ्याच्या दावणीची गाय जामीन असते, विसरू नको. तो म्हणाला, “उचलली जीभ लावली टाळ्याला. कुऱ्हाड फुटंल कशाला?” आमच्या दावणीला आता एकच गाय होती, आणि नातवाच्या पाठीवर सुनेला दुसरं झालं होतं.

मी मधोमध बसले. तिथून खळं वेगळं दिसतं. सगळी तोंडं आपल्याकडे वळलेली असतात, आणि एकाही तोंडावर माया नसते. पहिल्यांदाच मला वाटलं, ही बाई इथे एवढी वर्षं कशी बसली असेल. वाटलं ते वाटलं, त्यात आणखी काही शोधू नका.

एरग्याची पाळी आली. त्याने कुऱ्हाड टांगून धरली आणि माझ्याकडे बघून हसला. आमच्या सबंध संसारात तो माझ्याकडे बघून इतकं गोड कधीच हसला नव्हता. गोटा मारायच्या आधीच मला समजलं. तरी मी मारला. थप्प.

“मुका,” मी म्हणाले.

एरग्याचा हात तसाच टांगलेला राहिला. मेल्यावरही साधलाच तिने दावा. माझ्या पाठीमागे बायकांत माझी सून बसली होती. ती अगदी हळू आवाजात माझ्याबद्दल काहीतरी बोलली. मला ते सगळं ऐकू आलं. माझे कान चांगले आहेत.